कुंडीतल्या हुमणीवर सूत्रकृमीची पावडर: माल चांगला, सांभाळणारे वाईट

आधी निकाल सांगते. हुमणी आणि सोंडकिड्याच्या मुळं खाणाऱ्या अळ्यांसाठी मित्र सूत्रकृमींची, म्हणजे अशा अळ्या मारणाऱ्या अगदी बारीक जिवंत कृमींची, जी पावडर मिळते, ती कुंडीत आणि ग्रो बॅगेत काम करते. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. कापलेला तारा पावडरीचा नाही, ती आपल्या हातात पडेपर्यंत तिचे जे हाल होतात त्यांचा आहे. खरं तर त्या हालांसाठी दोन कापायला हवे होते, पण जिवंत पाकीट मिळालं तेव्हा तिने जे करून दाखवलं त्यामुळे हात आवरला.

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे आणि घराच्या गच्चीवर फळझाडं. स्ट्रॉबेरीच्या पिशव्या, एक लिंबू, जुन्या ड्रमात लावलेलं अंजीर आणि मांडवावर चढवलेली द्राक्षाची एक वेल. महाबळेश्वर इतकं जवळ असताना स्ट्रॉबेरी घरी कशाला लावायची, असं सासूबाई दरवर्षी विचारतात. त्यांना पहिली वाटी दिली की प्रश्न पुढच्या वर्षावर जातो.

ह्या अळ्या लागल्याची लक्षणं ज्यांनी पाहिली असतील त्यांना लगेच ओळखू येतील. रोप दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी पाणी घातलं तरी उठत नाही. पाणी कमी पडलं म्हणावं तर माती ओलीच. दोन बोटांनी बुडखा धरून जरा ओढला की रोप अलगद हातात येतं, खाली मूळ म्हणून काही नाहीच. त्याच्या कितीतरी आधी पानांच्या कडेने अर्धगोल खाचा पडायला लागलेल्या असतात. पानाच्या मध्ये भोक नाही, जाळी नाही, फक्त कड कुरतडलेली. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलचा उजेड घेऊन गच्चीवर गेलं की खाचा पाडणारा सापडतो. पाच-सहा मिलिमीटरचा करडा भुंगेरा, पुढे आखूड सोंड. बोट जवळ नेलं की पाय आखडून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. वरती पानं खाणारा हा, आणि मातीत मुळं खाणारी त्याची पोरं.

आता पिशवी रिकामी करा. माती ताडपत्रीवर पसरून हाताने फोडली की पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघतात. इथे घाई करू नका, कारण सगळ्या पांढऱ्या अळ्या एक नसतात. अळीला पायच नसतील तर ती सोंडकिड्याची. पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या असतील, डोकं तपकिरी आणि शेपटीकडचा भाग निळसर-काळसर फुगलेला असेल, तर ती हुमणीच्या घराण्यातली. त्यातही एक गंमत आहे. काही अळ्या फरशीवर ठेवल्या की उताण्या होतात आणि पाठीवर सरपटत निघतात. त्या फुलभुंग्याच्या. त्या कुजलेलं शेणखत खातात, मुळांच्या वाटेला सहसा जात नाहीत. मी त्यांना परत खताच्या डब्यात सोडते. आमच्याकडे शेणखत येतं तेच अळ्या घेऊन येतं. खत चाळून घ्या हे दहा वेळा सांगूनसुद्धा माळी ते पोत्यातून थेट कुंडीत ओततो.

इंटरनेटवर शोधायला गेलात तर सगळा सल्ला ‘व्हाइन वीव्हिल’ नावाच्या युरोपातल्या सोंडकिड्याबद्दल असतो. कुंडीतल्या स्ट्रॉबेरीचा तिकडचा तो कर्दनकाळ. काळपट, साधारण नऊ मिलिमीटरचा. त्याला उडता येत नाही आणि जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे एक भुंगेरा कुंडीत शिरला तरी वंश सुरू. तिकडे त्याची अंडी उन्हाळ्यात पडतात आणि अळ्या पुढच्या वसंतापर्यंत मुळं खात बसतात. म्हणून तिकडचे लोक उन्हाळा सरता सरता सूत्रकृमी सोडतात आणि माती गार झाल्यावर थंडीत टिकणारी वेगळी जात वापरतात. कुंडीच्या काठाला चिकटपट्टी लावा हा सल्लाही त्यांचाच, कारण त्यांचा किडा चालतच वर चढतो. आपल्या करड्या सोंडकिड्याला पंख आहेत, आणि हुमणीचा भुंगेरा तर वळीव पडला की दुकानाच्या ट्यूबवर येऊन आपटतो. चिकटपट्टीचे पैसे वाचवा. त्या सल्ल्यातली एकच गोष्ट इकडे जशीच्या तशी लागू पडते, ती म्हणजे मुळाशी सूत्रकृमी सोडणं. फक्त आपली जात वेगळी आणि आपलं वेळापत्रक वेगळं.

आपली जात म्हणजे हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. नावातच इंडिका आहे, कारण ती सापडली कोइमतूरला आणि तिचं शास्त्रीय वर्णन १९९२ साली झालं. उष्ण मातीत तग धरणारी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची पाण्यात मिसळणारी पावडर बनवली आणि ते तंत्र कंपन्यांना दिलं. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही हुमणीसाठी ईपीएन, म्हणजे किडे मारणारे हेच सूत्रकृमी, तयार होतं. कराड, वाळवा, शिरोळकडच्या ऊसवाल्यांना हे नाव पाठ आहे. कृष्णा-वारणेच्या काठाने हुमणीने ऊस कसा वाळवला हे त्यांना विचारा. गच्चीवाल्यांपर्यंत मात्र ही गोष्ट पोचलेलीच नाही.

काम कसं करतं? अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे हे जीव ओल्या मातीत अळी शोधत फिरतात. तोंडातून, गुदद्वारातून, श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतात. ह्या जातीला एक बारीक दातही असतो, त्याने ती अळीची पातळ कातडी फाडू शकते. आत गेल्यावर स्वतःच्या पोटातले जिवाणू सोडतात, आणि साधारण दोन दिवसांत अळी मरते ती त्या जिवाणूंनी. मग सूत्रकृमी तिच्या आतच वाढतात आणि हजारोंनी बाहेर पडून पुढच्या अळीच्या शोधाला लागतात. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने विचारलेला प्रश्न: मुळांना गाठी नाही ना येणार? नाही. डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे. हे फक्त किड्यांवर जगतात. त्यांचा त्रास माणसाला नाही, गांडुळाला नाही.

हा गोंधळ दुकानातही आहे. मी एका कृषी सेवा केंद्रात जाऊन म्हटलं, “दादा, सूत्रकृमीची पावडर आहे का?” तर त्याने सूत्रकृमी मारायचं औषध पुढे ठेवलं. समजावून सांगितल्यावर वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं. ती फळी पश्चिमेच्या काचेला लागून. पाकीट हाताला कोमट लागत होतं.

“हे थंड जागेत ठेवायचं असतं ना?”

“पावडरीला काय होतंय ताई? वर्षभर टिकतंय की!”

त्याच दमात त्याने एक बिनलेबलची पुडी दाखवली. दाणेदार. म्हणे एका पाण्यात सगळं साफ. स्ट्रॉबेरी पोरं तोडून तिथेच तोंडात टाकतात, हे सांगितल्यावर पुडी परत खाली गेली. पूर्वी हुमणीला सर्रास फोरेट ह्या जहाल कीटकनाशकाचे दाणे टाकत. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात पूर्ण बंदी आहे. कुंडीतल्या खायच्या झाडाला असलं काही टाकायचा विचारही नको, मग पुडीवर लेबल असो वा नसो.

माझा धंदाच औषधाचा असल्यामुळे ही फळी मला फार खुपली. इन्सुलिनची कुपी उन्हात राहिली तरी बाहेरून तशीच दिसते, पण आत कामाची राहिलेली नसते. सूत्रकृमीचं पाकीटही तसंच. पावडर पांढरी, वास नाही, गुठळी नाही, मुदत संपायला अवकाश. पण आतले जीव मेलेले. मुदतीची तारीख ही पाकीट सावलीत, गारव्यात राहिलं असं धरून छापलेली असते. फळीवरच्या उन्हाचा हिशोब ती तारीख करत नाही.

म्हणून मी मुद्दाम दोन दुकानांतून दोन पाकिटं आणली. एक त्या काचेजवळचं. दुसरं अशा दुकानातून, जिथला माणूस आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि खोक्यातून काढून ताजं पाकीट घेऊन आला. माल एकच, कंपनी एकच.

तपासायला लागतात मेणकिड्याच्या अळ्या. त्या मिळवणं आपल्या जिल्ह्यात सोपं आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि त्या सगळ्या पट्ट्यात मधपेट्या ठेवणारे आहेत. जुन्या पोळ्यात मेणकिडा पडला की त्यांची डोकेदुखी. आमच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे एक काका आहेत. त्यांना अळ्या मागितल्या तर आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग म्हणाले, “न्या की ताई, सगळंच पोळं न्या. आमाला ती बला नकोच हाय.”

दोन बरण्या. दोन्हींत चाळलेली ओलसर माती, चिमूटभर पावडर, मेणकिड्याच्या थोड्या अळ्या, वर फडकं. बरण्या देवघराच्या कोपऱ्यात, सावलीत. काही दिवसांनी उघडल्यावर काचेजवळच्या पाकिटाच्या बरणीत अळ्यांनी मजेत रेशीम कातून कोश करायला घेतले होते. दुसऱ्या बरणीतल्या मऊ पडलेल्या, आणि रंग विटकरी लाल. ही ह्या जातीची खूण. घाण वास मात्र नाही, कारण ते जिवाणू दुसऱ्या जंतूंना आत येऊ देत नाहीत आणि अळी सडत नाही. ह्या जिवाणूंची आणखी एक खासियत अशी की ते अंधारात किंचित चमकतात. मुलगी ती बरणी घेऊन न्हाणीघरात दिवा बंद करून बसली होती. डोळे अंधाराला सरावल्यावर अगदी फिकट, आहे की नाही असा हिरवट उजेड दिसतो. मीही पाहिला. फोटोत येत नाही.

मेणकिडा मिळत नसेल तर साधा उपाय. काळ्या ताटलीत पाणी, त्यात चिमूटभर पावडर, थोडा वेळ थांबून बाजूने टॉर्च मारायचा आणि भिंगातून बघायचं. बारीक दोरे वळवळताना दिसले तर जिवंत. सगळे सुईसारखे सरळ पडलेले असतील तर पाकीट परत करा. दुकानदार घेणार नाही, पण परत करायला जरूर जा.

वापरायची पद्धत पाकिटावर लिहिली आहे, पण एकरी. एकरी मात्रा, शेणखतात मिसळून शेतात पसरा, वगैरे. गच्चीवरच्या माणसाने त्यातून काय समजायचं? छपाई इतकी बारीक की मी दुकानातलं भिंग लावून वाचली. आणि पाकीट किलोचं. मला लागली त्यातली थोडीशी. पाव किलोची पुडी काढली तर शहरात चांगली खपेल, पण हे कंपन्यांच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. आमच्या कॉलनीत आम्ही चौघींनी मिळून एक पाकीट वाटून घेतलं आणि त्याच आठवड्यात संपवलं. उघडलेलं पाकीट साठवायच्या भानगडीत पडू नये.

माझी पद्धत अशी. दिवस मावळल्यावरच करायचं, कारण ऊन ह्यांचा काळ. आधी पिशवीला पाणी देऊन माती ओली करायची. बारा इंची पिशवीला चहाचा एक चमचा ह्या हिशोबाने पावडर बादलीभर पाण्यात कालवायची. पाणी आदल्या रात्री भरून ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. झारीची जाळी काढून टाकायची, नाहीतर ती तुंबते. मधे मधे ढवळत राहायचं, कारण जीव तळाशी बसतात आणि शेवटच्या कुंडीला सगळे जातात. वरून परत थोडं पाणी. त्यानंतर पुढचे दोन आठवडे माती वाळू द्यायची नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून चालतात. माती वाळली की त्यांचा रस्ता बंद. शेतात हीच अडचण असते. कुंडीत मात्र ओल आपल्या हातात, आणि अळीला पळायला जागा नाही.

काळ्या पिशव्या थेट उन्हात असतील तर त्या सावलीच्या जाळीखाली ओढून घ्या. हात घालून बघा, माती तापलेली लागली तर त्या दिवशी सोडू नका.

फरक दिसला का? दिसला. दोन-तीन आठवड्यांनी एक पिशवी मुद्दाम उलटी केली. सोंडकिड्याच्या अळ्या जिवंत एकही नाही, तांबूस पडलेल्या काही सापडल्या, आणि बुडख्याला नवीन पांढरी मुळं फुटलेली. हुमणीच्या लहान अळ्याही गेल्या. मोठ्या, बोटाएवढ्या जाड अळ्यांपैकी काही मात्र आरामात जिवंत होत्या, आणि त्या मी हातानेच वेचल्या. हुमणीची अळी जितकी मोठी तितकी ती ह्या औषधाला कमी दाद देते. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, स्ट्रॉबेरी लावायच्या वेळी जुनी माती तशीच भरली आणि वरून पावडर ओतली, तर पैसे बऱ्याच अंशी वाया. वळवाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंबावर-बाभळीवर जमतात, मातीत अंडी घालतात. बारक्या अळ्या सापडतात त्या पावसाळ्याच्या पहिल्या निम्म्यात. जुलै-ऑगस्ट ही खरी वेळ. माती आपोआप ओली, ऊन कमी. आणि ऑक्टोबरच्या लागवडीआधी जुनी माती ताडपत्रीवर पसरून एक-दोन दिवस उघडी ठेवा. साळुंक्या येऊन ज्या सफाईने अळ्या वेचतात, त्याला कुठल्याच पाकिटाची सर नाही. फुकट आहे.

शेजारणीने तिच्या कुंड्यांना मेटारायझियमची पावडर घातली होती, त्याबद्दल दोन शब्द. ही बुरशी. अळीच्या कातडीवर रुजून आत जाते. तिची मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरव्या भुकटीने माखलेली. काम सावकाश, आठवडा-पंधरवडा सहज जातो. दुकानात ती सूत्रकृमींपेक्षा जास्त सोसते आणि स्वस्तही पडते. पण द्राक्षाला, स्ट्रॉबेरीला आपण जे बुरशीनाशक मारतो ते मातीत उतरलं की तीही मरते. शेजारणीच्या कुंड्यांत फरक पडला, माझ्याइतका लवकर नाही. निंबोळी पेंड मी खत म्हणून घालते आणि घालत राहीन, मोठ्या अळीवर तिचा भरवसा धरत नाही. आणि रात्री पानांवरचे करडे भुंगेरे झटकून साबणाच्या पाण्यात टाकणं, हे कुठलीही पावडर घेतली तरी चुकत नाही. झाडाखाली जुनी चादर अंथरा. सोंग घेऊन पडतात ते चादरीवरच पडतात.

अंजिराच्या ड्रमात मात्र पावडर नीट चालली नाही. दोनशे लिटरचा ड्रम, वरची माती ओली आणि खाली मुळांचं जाळं इतकं दाट की पाणी कडेने वाहून जातं. मधला गोळा कोरडाच राहतो, आणि अळ्या नेमक्या तिथे. पावडरीचं पाणी तिथवर पोचलंच नाही. लिंबाच्या लहान कुंडीत ही अडचण आली नाही, आणि द्राक्षाची पिशवी जमिनीलगत असल्याने तिथेही ओल टिकली. अंजिराची पानं गळली की माळ्याला बोलावून ड्रम आडवा पाडायचा, मुळं छाटायची, अळ्या वेचायच्या आणि चाळलेल्या खतात झाड परत भरायचं असं ठरलं आहे. पावडर त्यानंतरच्या जुलैत, आणि पाकीट त्या आतल्या खोलीवाल्या दुकानातूनच.